रंग जाणार नाही ना?

वस्तीमागचा नाला सोमवारी लाल वाहिला, मंगळवारी हिरवा, आणि बुधवारी डाईंगवाल्यांची सुट्टी असल्यामुळे नुसताच घाण वाहिला. यात बातमी म्हणावी असं काही नव्हतं. कोणत्या कारखान्यात कोणत्या रंगाचं सूत शिजतंय, हे वस्तीतल्या बायका उंबऱ्यात बसून सांगायच्या. नळाला पाणी येईल तेव्हा यायचं, तेवढं पिण्याला पुरायचं. धुण्याभांड्याला वस्तीत एक हापसा होता, आणि नाल्यातला रंग मुरत मुरत त्या हापशापर्यंत पोचला होता. याची कुठे अधिकृत नोंद मात्र नव्हती. ज्याची नोंद नाही ते घडलेलं नसतं, एवढं तर आपण सगळेच जाणतो.

या न घडलेल्या रंगानं भीमाबाई तळभंडारे यांचं पांढरं लुगडं गुलाबी झालं. ते त्यांचं विहारात जायचं लुगडं. वंदनेला पांढऱ्यातच जायचं, ही त्यांची चाळीस-पन्नास वर्षांची रीत. गेल्या बुद्धपौर्णिमेला त्यांनी ते पेटीतून काढलं, दारात उभं राहून उजेडात धरलं, आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिलं. त्या दिवशी त्या विहारात गेल्याच नाहीत.

त्यांचा मुलगा प्रदीप शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात, बायको कीर्तीबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. रंग पाण्यात कसा विरघळतो हे तो दरवर्षी फळ्यावर शिकवायचा. तो पाण्यातून बाहेर कसा काढायचा, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

"आई, लुगडं माझ्याकडे दे. कीर्ती मशीनमध्ये धुऊन देईल," तो म्हणाला.

"माझं एकटीचं धुशील रं. सगळ्या आळीच्या बायकांची लुगडी तुझ्या मशीनीत बसणार हायती का? तू एवढा शिकलास, तर ह्या पाण्याचं काय तरी कर की. पुढच्या पौर्णिमेला मला पांढऱ्या लुगड्यात जायचंय. दुसरं काय मागत न्हाय मी."

हे प्रदीपच्या जिव्हारी लागलं. शेंगाचटणी करणाऱ्या घरांमागे टरफलांचे ढीग पडलेले असतात. त्यातलं पोतंभर त्यानं उचललं, पत्र्याच्या डब्यात झाकण लावून भाजलं, झालेला कोळसा धुतला, कुटला, आणि बुडाला भोक पाडलेल्या एका जुन्या बादलीत वाळूच्या थरावर भरला. वरून हापशाचं गुलाबी पाणी ओतलं. रंग कोळशाला चिकटून बसला आणि खालून पाणी निवळ आलं. भीमाबाईंनी ते ओंजळीत घेतलं, वास घेतला, आणि पहिल्यांदा एक पांढरं फडकं त्यात बुडवून बघितलं. फडकं पांढरंच राहिलं. म्हातारी एवढी हरखली, की तिनं अख्खी आळी गोळा केली.

आता इथंच थांबायला काय हरकत होती? दहा घरांत दहा बादल्या करून दिल्या असत्या तर काम भागलं असतं. पण प्रदीप शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाला बादली पुरत नाही, त्याला योजना लागते. सगळा नालाच स्वच्छ करायचा, असं मनात धरून तो एके दिवशी नवी पँट घालून सरकारच्या जलरंगमुक्ती कक्षात गेला.

कक्षाचे प्रमुख महेश्वर कलशेट्टी हे अत्यंत सौजन्यशील अधिकारी होते. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर शुभ्र टर्किश टॉवेल होता आणि त्यांनी आजवर कोणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. हो म्हटल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

"फारच स्तुत्य उपक्रम आहे, सर," कलशेट्टी म्हणाले. "'कचऱ्यातून निर्मळता' या योजनेत बरोब्बर बसतो. फक्त एक सांगा. ही टरफलं विकत जातात का?"

"जातात की. बॉयलरवाले जळणाला नेतात."

"अरेरे." कलशेट्टींना खरोखर वाईट वाटलं. "म्हणजे त्यांना किंमत आहे. आणि किंमत असलेली वस्तू कचरा होत नाही, सर. आमची योजना कचऱ्यासाठी आहे. मालासाठी वेगळा विभाग."

"साहेब, टरफलं आहेत हो ती!"

"तुमच्या-माझ्या दृष्टीनं. सक्षम प्राधिकाऱ्याच्या दृष्टीनं तो माल आहे. पण मार्ग निघतो, सर. मार्ग काढायलाच तर आम्ही बसलोय."

मार्ग निघाला. चांगली, कोरडी, निवडलेली टरफलं बाजारातून ट्रकनं खरेदी करण्यात आली आणि कचरा डेपोवर नेऊन ओतण्यात आली. तिथं ती रीतसर महिनाभर पडून राहिली. कुत्री त्यांच्यावर झोपली, वरून शहराचा बाकीचा ऐवज पडला, आणि अशा प्रकारे त्यांना कचरात्व प्राप्त झालं. मग माणसं लावून ती कचऱ्यातून पुन्हा वेचण्यात आली. प्रदीपनं पोत्यात हात घातला तर हाताला गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं आणि एक चप्पल लागली.

"साहेब, यात निम्मं प्लास्टिक आहे."

"म्हणजे कचरा आहे, हे आता तुम्हीसुद्धा मान्य करता," कलशेट्टी समाधानानं म्हणाले आणि त्यांनी प्रदीपला तज्ज्ञ सल्लागार म्हणून नेमून टाकलं. कक्षात त्याच्यासाठी खुर्ची आली. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर टॉवेल आला. प्रदीपला वाटलं, चला, आतल्या गोटात शिरलो, आता काम झटपट होईल. त्यानं टॉवेलला पाठ टेकवून बघितली. मऊ होता.

नाल्याकाठी शेड उभी राहिली आणि उद्घाटनाची तारीख ठरली. येणारे साहेब एवढे मोठे होते, की त्यांच्या आगमनाची कुणकुण लागताच सगळ्या डाईंगवाल्यांनी घाबरून नाल्याकडच्या मोऱ्या बंद केल्या. चार दिवस नाला स्वच्छ वाहिला. हापशाचं पाणीसुद्धा जरा फिकं झालं. भीमाबाईंनी मुलाला फोन करून सांगितलं, "परदीप, लई ब्येस काम केलंस बघ!" आणि इकडे कक्षात हाहाकार उडाला.

"साहेबांसमोर गाळायचं काय?" कलशेट्टींनी कपाळाला हात लावला. "स्वच्छ पाण्यातून स्वच्छ पाणी काढून दाखवलं तर आपलीच फजिती! ताबडतोब रंगाची व्यवस्था करा."

व्यवस्था कोणत्या रंगाची करावी, यावर बैठक बसली. लाल रंग काढून टाकला तर कामगारांच्या भावना दुखावतील. हिरवा काढला तर एका बाजूच्या, भगवा काढला तर दुसऱ्या बाजूच्या. पिवळा म्हणजे भंडारा, त्याला हात लावायचा नाही. "आणि निळा काढला, सर," कलशेट्टी हळूच म्हणाले, "तर तुम्ही वस्तीत तोंड कसं दाखवाल?" बराच खल होऊन वांगी रंगावर एकमत झालं. वांगी रंगाला या लोकशाहीत कोणी वाली नव्हता.

वांगी रंगासाठी रुद्रप्पाला बोलावणं गेलं. रुद्रप्पाचं डाईंग नाल्याच्या वरच्या अंगाला होतं आणि रंगीत पाणी सोडल्याबद्दल याच कक्षानं त्याला नोटीस दिलेली होती. रुद्रप्पा आला, आणि हातातलं पत्र दोनदा वाचून उभाच राहिला.

"यप्पा! मागच्या महिन्यात सोडू नको म्हणून नोटीस, आज सोड म्हणून पत्र. मी नेमकं काय करू म्हणता, सर?"

"पत्र नवीन आहे. पत्राप्रमाणे करा."

"तसं नव्हं, सर. मी म्हणतो, ह्या सरांची बादली मी बघितली. मला पटली की. मी कारखान्यातच हौद बांधतो. रंगाचं पाणी हितंच टरफलातनं गाळतो आणि परत वापरतो. नाल्यात थेंब जाणार न्हाई. पाण्याचा टँकर पण वाचतो माझा."

कलशेट्टींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रुद्रप्पा," ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "तुम्ही रंग सोडलाच नाही, तर प्रकल्प काय गाळणार? सरांनी एवढे कष्ट घेतले, ते तुम्ही पाण्यात घालणार?"

रुद्रप्पानं प्रदीपकडे बघितलं. प्रदीपला कळत होतं, चांगलं कळत होतं. याहून सोपा आणि पक्का उपाय दुसरा नाही, हे खोलीत सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होतं. तो तोंड उघडणार, एवढ्यात शिपायानं चहा आणला. त्यानं तोंड उघडलं ते चहासाठी.

उद्घाटन दणक्यात झालं. रुद्रप्पानं पिंपच्या पिंप वांगी रंग नाल्यात ओतला. साहेबांनी कळ दाबली, आणि नळातून जवळपास निवळ पाणी आलं. जवळपास म्हणायचं, कारण कचऱ्यातून वेचलेल्या टरफलांच्या कोळशाला आता पहिल्यासारखा जोर नव्हता. साहेबांनी पेला उंच धरला, फोटो निघाला, आणि पाणी कोणी प्यायलं नाही. मग सोलापूरच्या रीतीप्रमाणे सत्कार सुरू झाले. साहेबांना चादर, साहेबांच्या पीएला चादर, ड्रायव्हरला टॉवेल-टोपी, व्यासपीठावर चढलेल्या प्रत्येकाला चादर, आणि खाली राहिल्यामुळे नाराज झालेल्यांना दोन-दोन चादरी. साहेब भारावून म्हणाले, "या प्रकल्पाची चादर महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यालयात गेली पाहिजे." टाळ्या वाजल्या. चादरीचा रंग अर्थातच वांगी, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत 'रंगमुक्त पाणी, आमची कहाणी'.

एवढ्या चादरी म्हणजे किती सूत आणि किती रंग, हा हिशेब कोणी केला नाही. सूत रंगवायचं काम ज्याच्याकडे आलं, त्या रुद्रप्पाला मात्र करावाच लागला. त्यानं हौदासाठी मोकळी ठेवलेल्या जागेत रंगाची आणखी दोन कुंडं बसवली. नाला आता सगळे वार वांगी रंगाचाच वाहू लागला. पूर्वी बायकांना निदान वार तरी कळायचा.

प्रकल्प वाढीव क्षमतेनं सुरू झाला, आणि क्षमता म्हटली की उद्दिष्ट आलं. महिन्याला अमुक इतकं रंगीत पाणी निर्मळ केलंच पाहिजे, असं वरून ठरून आलं. पाणी पुरेसं रंगीत नसेल तर रुद्रप्पाला समज दिली जायची. कोळसा रंगानं भरून काम करेनासा झाला, की तो बदलायला हवा, असं प्रदीपनं पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. पण वापरलेला कोळसा हा कचऱ्यापासून झालेला कचरा. तो कुठे टाकायचा, याबद्दल योजना मौन बाळगून होती. त्यात दर महिन्याला तपासणी पथक यायचं ठरलं. गाळणीतला तो काळामिट्ट चिखल पथकाला दिसला तर काय म्हणतील? म्हणून पथक यायच्या आदल्या दिवशी गाळण्या चकचकीत धुण्याची पद्धत पडली. धुतलेलं पाणी, दुसरीकडे जायला वाटच नसल्यामुळे, नाल्यात गेलं. महिनाभर साठवलेला रंग असा एका दुपारी एकदम वस्तीकडे यायचा. पथकानं स्वच्छतेबद्दल लेखी समाधान व्यक्त केलं.

"साहेब, आपण रंग काढत नाही आहोत. साठवून, एकदम सोडतोय," एक दिवस प्रदीप न राहवून म्हणाला.

"सर, तुम्ही वस्तुस्थितीकडे फार बघता," कलशेट्टी म्हणाले. "तुमचं नाव पुरस्कारासाठी वर पाठवलंय. थोडं सबुरीनं घ्या."

प्रदीपनं सबुरीनं घेतलं.

इकडे भीमाबाईंच्या दारात बादली चालूच होती. सकाळ-संध्याकाळ बायका रांगेनं येऊन धुण्यापुरतं पाणी गाळून न्यायच्या. टरफलं मिळणं मात्र मुश्कील झालं होतं, कारण शहरातली झाडून सगळी टरफलं प्रकल्पानं कचरा करायला नेली होती. म्हातारी चटणीवाल्यांच्या मागं लागून ओंजळ-ओंजळ गोळा करायची. पौर्णिमा दीड महिन्यावर आली, तसं तिनं लुगडं पेटीतून बाहेर काढलं आणि रोज निवळ पाण्यात भिजवून उन्हाला टाकू लागली. गुलाबी छटा उतरत चालली होती. आणखी थोडे दिवस, की झालं.

आणि नेमका तेव्हाच कक्षाला बादलीचा सुगावा लागला.

"समांतर शुद्धीकरण!" कलशेट्टी खुर्चीतून अर्धे उठले. "विनापरवाना! त्या बायकांनी आधीच पाणी गाळलं, तर लाभार्थी म्हणून आम्ही कोणाला दाखवायचं? आणि उद्या कोणी विचारलं, की प्रकल्प असताना बादली कशाला, तर काय उत्तर देणार? सर, हे प्रकरण तुम्हीच मिटवा. तुमच्या घरचंच आहे. पोलीस नेणं बरं दिसणार नाही."

प्रदीप वस्तीत गेला तो कक्षाच्या गाडीतून. बरोबर दोन कर्मचारी. भीमाबाई दारात बसून गाळलेल्या पाण्यात लुगडं खळबळत होत्या.

"ये की, ह्ये बघ, किती उतरलाय रंग!" त्यांनी पदराचा काठ वर करून दाखवला.

"आई," प्रदीप खाली बघत म्हणाला, "मोठा प्रकल्प चालू झालाय आता. बादलीची गरज नाही."

"मग हापशाला वांग्यावानी पाणी कशानं येतंय?"

"ते तात्पुरतं आहे."

"तात्पुरतं?" म्हातारीनं त्याच्या पलीकडे उभ्या गाडीकडे बघितलं, दोन कर्मचाऱ्यांकडे बघितलं, आणि मग तिला उमगलं. तिचा आवाज चढला नाही. "बादली न्यायला आलाईस व्हय रं? पौर्णिमेपत्तूर तरी ठेव. तेवढं एक लुगडं निघू दे."

"माझ्या हातात नाही, आई."

"तुझ्या हातात न्हाय? केलीस तुझ्याच हातानं की! ने मग. पण मी उचलून देणार न्हाय. तू उचल."

कर्मचारी पुढे झाले, तर तिनं हातानंच त्यांना अडवलं. शेवटी प्रदीपनंच बादली उचलली. दारापासून गाडीपर्यंत बुडाच्या भोकातून निवळ पाणी ठिबकत गेलं, आणि बायका ओट्यांवर उभ्या राहून बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, पण तेवढीही मेहेरबानी त्याच्यावर झाली नाही. बादली पुढे प्रकल्पाच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात ठेवण्यात आली. खाली पाटी आहे: 'मूळ प्रेरणा. हात लावू नये.'

वैशाख पौर्णिमेच्या आठवड्यात पुन्हा तपासणी पथक आलं, म्हणजे गाळण्या पुन्हा धुतल्या गेल्या. हापशातून शाईसारखं पाणी आलं. वस्तीतल्या बायकांनी त्यातच आपापली पांढरी लुगडी धुतली, कारण दुसरं पाणी नव्हतं. पौर्णिमेच्या सकाळी प्रदीप विहाराबाहेर उभा राहिला. आई गेल्या वर्षीसारखी येणार नाही, अशी त्याची अटकळ होती. खरं सांगायचं तर आशा होती. पण भीमाबाई आल्या. सगळ्यांत पुढं, हातात मेणबत्ती आणि फुलं, अंगावर वांगी रंगाचं लुगडं. त्यांच्या मागे आळीतल्या सगळ्या बायका, सगळ्या वांगी रंगात.

"आई, तू... आलीस?"

"गेल्या साली मलाच लाज वाटली म्हणून घरात बसले," त्या चालता चालताच म्हणाल्या. "औंदा म्हटलं, मी कशापायी लाजू? मी काय केलंय? लाज ज्याची त्यानं वाटून घ्यावी." आणि त्या आत गेल्या. आतून वंदनेचा आवाज येऊ लागला. प्रदीप पांढरा शर्ट घालून बाहेरच उभा राहिला. त्याचा शर्ट जुळे सोलापुरात धुतलेला होता.

दुसऱ्या दिवशी कलशेट्टींच्या कक्षानं एक छायाचित्र प्रसिद्धीला दिलं. खाली मजकूर होता: 'लाभार्थी महिलांनी प्रकल्पाच्या रंगाची वस्त्रं उत्स्फूर्तपणे परिधान करून कृतज्ञता व्यक्त केली.' प्रदीपच्या पुरस्कारावर त्याच छायाचित्रामुळे शिक्कामोर्तब झालं, असं म्हणतात.

पुरस्कार मिळाला त्या संध्याकाळी तो थेट बाजारात गेला. आईसाठी कोरं पांढरं लुगडं घ्यावं म्हणून. दुकानदारानं लुगड्यांचा ढीग पुढे टाकला. प्रदीप एकेक घडी उलगडून बघत राहिला, आणि ते धुवायचं कशात, हा प्रश्न आई विचारणार, हे त्याला दिसत होतं. म्हणून त्याला एकही पसंत पडेना.

शेजारी एक गिऱ्हाईक चादरी बघत होतं. बाहेरगावचं, चांगल्या घरचं, चोखंदळ. सोलापूरला आलो तर चादर नेलीच पाहिजे, म्हणून आलेलं. त्यानं वांगी रंगाची एक झोकदार चादर निवडली, खिशातून आपला पांढरा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं ओला केला, आणि चादरीच्या कोपऱ्यावर खसाखसा घासला.

"रंग जाणार नाही ना?"

"अजिबात न्हाई, साहेब," दुकानदार म्हणाला. "जायचा तेवढा हितंच जाऊन झालाय."

गिऱ्हाइकानं रुमाल दिव्याखाली धरून निरखला. कुठे डाग नव्हता. 'हितंच' म्हणजे नेमकं कुठं, हे काही त्यानं विचारलं नाही. खूश होऊन त्यानं दोन चादरी बांधून घेतल्या.

प्रदीपनं त्या गिऱ्हाइकाला ओळखलं नाही. पण तुम्ही ओळखायला हरकत नाही. तुमचा रुमाल अजून पांढराच असेल.